रिकाम्या मात्रेचा सराव: गिटारवरच्या सिंकोपेटेड स्ट्रमिंगच्या नोंदी

३ जून

आजपासून काही आठवडे फक्त सिंकोपेटेड स्ट्रमिंग (स्ट्रमिंग म्हणजे तारांवरून हात खालीवर फिरवणं). मोकळ्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बसल्या आहेत, साधं डाउन-अप येतं, पण वाजवलेलं प्रत्येक गाणं एकाच साच्यातलं वाटतं, कारण जोर कायम मात्रेवरच पडतो. सिंकोपेशनमध्ये कान जिथे जोराची वाट बघत असतो ती मात्रा रिकामी सुटते आणि आवाज दोन मात्रांच्या मधल्या जागेवर येतो. ऐकताना मान आपोआप हलायला लागते ती या रिकाम्या जागेमुळे. ते माझ्या हातात हवं आहे.

नोंदींत लिहिण्याची पद्धत अशी: एका आवर्तनात चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे दोन भाग, म्हणजे एकूण आठ जागा. तोंडाने मोजायचं ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’. आकड्यावर हात खाली जातो, ‘आणि’वर वर येतो. ‘डा’ म्हणजे डाउन, ‘अ’ म्हणजे अप, आणि रेघ म्हणजे हात जातो पण तारांना लागत नाही.

पहिला पॅटर्न सगळीकडे शिकवतात तोच घेतला:

डा – डा अ – अ डा अ

यात तिसरी मात्रा रिकामी आहे. कॉर्ड एकच, ई मायनर. टेम्पो ६०, म्हणजे मिनिटाला साठ मात्रा.

५ जून

‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ असा पॅटर्न तोंडपाठ करून वाजवला. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) नसेल तर बरा वाटतो. मेट्रोनोम लावला की थोड्याच आवर्तनांत सुटतो, आणि नेमका कुठे सुटला ते वाजवताना कळत नाही.

फोन समोर ठेवून फक्त उजव्या हाताचा व्हिडिओ घेतला तेव्हा दिसलं. ‘दोन आणि’चा अप झाल्यावर हात वर जाऊन थांबतो. पुढचा आवाजही अपच आहे, म्हणजे मधल्या वेळात हाताला एकदा खाली यावंच लागतं. तो येतो, पण मनाला येईल तेव्हा येतो. कधी तिसऱ्या मात्रेच्या आधी, बहुतेक वेळा नंतर, घाईघाईने. तिसरी मात्रा वाजवायची नसल्यामुळे ती मोजलीच जात नाहीये.

म्हणून पॅटर्न बाजूला ठेवला. आता आठही जागी हात चालला पाहिजे, तारांना लागो वा न लागो. झोपाळ्यावर बसून मध्येच पाय जमिनीला टेकवला की झोका मोडतो आणि पुन्हा सुरुवातीपासून झोका घ्यावा लागतो, तसंच हाताचं होतंय.

६ जून

डाव्या हाताने सगळ्या तारा झाकून नुसता ‘चक चक’ आवाज ठेवला. कॉर्ड नाही, सूर नाही, त्यामुळे लक्ष पूर्ण उजव्या हाताकडे. एक अडचण आली: मधूनच बारीक किणकिणता सूर निघत होता. एकच बोट तारांवर हलकं टेकवलेलं आणि ते पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर आलं की हार्मोनिक वाजतो. दोन-तीन बोटं आडवी ठेवली आणि हात तिसऱ्या-चौथ्या फ्रेटच्या आसपास आणला, तेव्हा आवाज कोरडा झाला.

आठही स्ट्रोक वाजवायचे, लय बसली की फक्त तिसऱ्या मात्रेवर हात तारांपासून थोडा दूर धरून जाऊ द्यायचा, बाकी सगळं तसंच. मग ‘एक आणि’मधला ‘आणि’ काढायचा. असं एकेक आवाज काढत पॅटर्नपर्यंत पोचायचं. उलट दिशेने, म्हणजे शांततेत एकेक आवाज घालत जाण्याचाही प्रयत्न केला, त्याने हात थांबण्याची सवय परत आली. काढत जाणंच योग्य.

९ जून

६० वर जमत नाही आणि ८० वर जमतं. आधी वाटलं हा भास असेल, पण रेकॉर्डिंगमध्येही तेच. ६० वर अर्धी मात्रा ०.५ सेकंदाची. एवढ्या वेळात हात इतका हळू न्यावा लागतो की मध्ये तो घुटमळतो. ८० वर अर्धी मात्रा ०.३७५ सेकंदाची होते आणि हाताची सहज लय तिथे जुळते. ‘जितकं हळू तितकं सोपं’ हा सल्ला बोटांच्या कामाला लागू पडतो, स्ट्रमिंगला जसाच्या तसा नाही. फार हळू वाजवायचंच असेल तर मेट्रोनोम दुप्पट लावावा, म्हणजे प्रत्येक ठोका अर्ध्या मात्रेवर येतो आणि रिकाम्या तिसऱ्या मात्रेलाही ठोका मिळतो. ६० साठी १२० लावला आणि घुटमळणं कमी झालं.

१२ जून

जवळपास आख्खा आठवडा एका वेगळ्याच गोष्टीत गेला. ही नोंद नीट वाचा, कारण यात वादनाचा दोष नव्हताच.

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लावून त्यातल्याच क्लिक ट्रॅकवर (मेट्रोनोमसारख्या ठोक्यांवर) वाजवत होते. क्लिक ब्लूटूथ हेडफोनमध्ये ऐकू यायचा, गिटार लॅपटॉपच्या माइकवर रेकॉर्ड व्हायची. परत ऐकताना प्रत्येक स्ट्रोक क्लिकच्या मागे. म्हणून मुद्दाम पुढे ढकलून वाजवायला लागले, तरी मागेच. मग वेव्हफॉर्म मोठा करून बघितला. स्ट्रोक मागे होते, पण सगळे सारख्याच अंतराने मागे होते, सुमारे ०.२ सेकंद. हाताची चूक इतकी एकसारखी नसते. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ८० च्या टेम्पोवर ०.२ सेकंद म्हणजे अर्ध्या मात्रेच्या निम्म्याहून जास्त. ऑफबीट, म्हणजे ‘आणि’वरचा आवाज, शिकताना एवढा फरक म्हणजे मात्रा आणि ‘आणि’ यांच्यातली सीमाच पुसली जाते.

वायरचा हेडफोन लावला, अंतर जवळजवळ गेलं. पण मधल्या दिवसांत पुढे ढकलून वाजवण्याची जी सवय लागली ती हेडफोन बदलून गेली नाही. आता अप लवकर येतात. ती काढायला पुन्हा झाकलेल्या तारा आणि १२०चा ठोका.

१४ जून

पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) बदललं. १ मिलिमीटरचं जाड पिक वर येताना तारांत अडकत होतं, त्यामुळे अपच्या आधी हात नकळत सावध व्हायचा. ०.६० घेतल्यावर अडकणं थांबलं, मात्र डाउनचा आवाज पातळ झाला आणि पिकच्या फडफडीचा आवाज त्यात मिसळला. शेवटी ०.७३ वर स्थिरावले. जाडीपेक्षाही जास्त फरक पडला तो पिक किती बाहेर ठेवायचं यात. टोक बोटांबाहेर थोडंसंच दिसेल असं धरलं आणि पकड सैल ठेवली की जाड पिकही अडकत नाही. पकड घट्ट होते ती नेमकी सिंकोपेशनच्या जागी, हे व्हिडिओत दिसतं: रिकामी मात्रा जवळ आली की अंगठ्याचं नख पांढरं पडतं. पॅटर्न अजून डोक्यातून येतोय, अंगात उतरलेला नाही, हे त्यावरून कळतं.

१८ जून

पॅटर्न ८० वर चालतोय. हात थांबत नाही. तरी ऐकताना त्यात झोक नाही. सगळे स्ट्रोक एकाच जोराचे आहेत, म्हणून कानाला रिकामी मात्रा नुसती राहून गेल्यासारखी वाटते. ‘दोन आणि’वर जोर हवा; तो अप आहे, आणि अपला आवाज कमी. कारण उघड आहे: डाउनमध्ये पाच-सहा तारा लागतात आणि जाड तारांपासून सुरुवात होते. अप दोन-तीन बारीक तारांवरच संपतो.

पहिला प्रयत्न, अप जोरात मारणे. आवाज मोठा झाला, पण जोरासाठी हात लवकर सुटायला लागला आणि लय पळाली. दुसरा प्रयत्न, डाउन हलके करणे. हे लागू पडलं. दुसऱ्या मात्रेचा डाउन जाड दोन-तीन तारांवर हलकेच घ्यायचा, आणि लगेचचा अप नेहमीच्याच ताकदीने, पण चौथ्या तारेपर्यंत खोल (सगळ्यात बारीक तार पहिली). जोर वाढवायला शेजारचा आवाज कमी करणं पुरतं. त्यानंतर पहिल्यांदा माझ्याच रेकॉर्डिंगवर माझी मान हलली. मनापासून आनंद झाला.

२३ जून

पाय फसवतोय. गिटार वाजवताना डावा पाय मात्रेवर टेकतेय अशी समजूत होती. व्हिडिओत पाय ‘दोन आणि’, ‘तीन आणि’ला टेकतो, म्हणजे जोराच्या मागे जातो. पायच ऑफबीटला गेला तर मात्रा धरून ठेवणारं अंगात काहीच उरत नाही, आणि मग एखाद्या आवर्तनात ऑफबीट हीच मात्रा वाटायला लागते.

गिटार खाली ठेवली. पाय मात्रेवर, तोंडाने ‘एक आणि दोन आणि’, आणि टाळी फक्त ‘आणि’वर. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय सापडला नाही. पाय नुसता टेकवण्यापेक्षा टाच उचलून मुद्दाम खाली आणली की तो टाळीच्या मागे कमी जातो. चालताना हे सगळ्यात सहज जमतं: पावलं म्हणजे मात्रा, टाळी दोन पावलांच्या मध्ये.

२७ जून

मेट्रोनोम उलटा लावण्याचा सराव. ठोका मात्रेवर न धरता ‘आणि’वर धरायचा, मात्रा आपण भरायची. ५० च्या टेम्पोवर सुरू केलं. थोडी आवर्तनं जमतं आणि मग कान गुपचूप पलटी खातो: ठोका पुन्हा ‘एक’ वाटायला लागतो. पलटी कधी झाली ते कळत नाही, झाल्यावर कळतं.

सुरुवात कशी करायची यावर बराच वेळ गेला. सापडलेला मार्ग: आधी ठोक्याबरोबर ‘आणि, आणि, आणि’ एवढंच म्हणायचं, मग पाय दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत टेकवायचा, आणि पाय स्थिर झाल्यावरच आकडे मोजायला लागायचं. हात सगळ्यात शेवटी. घाई करून हात आधी घातला की पलटी ठरलेली.

हा सराव रोज थोडाच करते. फार वेळ केला तर डोकं शिणतं आणि बाकीचं वाजवणंही बिघडतं.

२ जुलै

नवा पॅटर्न, ३ अधिक ३ अधिक २:

डा – – अ – – डा –

क्यूबाच्या संगीतात याला त्रेसियो म्हणतात, आणि जगभरच्या लोकप्रिय गाण्यांत तो कुठे ना कुठे असतोच. आठ जागांत आवाज तीनच: ‘एक’, ‘दोन आणि’, ‘चार’. आकडे मोजत वाजवला तर अडखळतो, कारण आकडे चार आहेत आणि गट तीन. इथे तबल्या-मृदंगाचे बोल ऐकत वाढलेल्या कानाचा फायदा झाला. ‘तकिट तकिट तक’ म्हटलं की गट आपोआप पडतात: प्रत्येक ‘त’वर आवाज, बाकी अक्षरांवर हात नुसता जातो. पहिल्याच बैठकीत ९० पर्यंत गेला.

एक गोष्ट मात्र तपासावी लागते. बोलांच्या नादात पाय ‘त’ला टेकायला लागतो, म्हणजे २३ जूनचीच अडचण. बोल म्हणताना पाय चार मात्रांवर राहतो का ते आधी गिटारशिवाय बघावं. ‘तकिट’च्या दुसऱ्या गटात पाय ‘कि’वर पडतो, आणि सगळी ओढ तिथेच तयार होते.

६ जुलै

रिकामी मात्रा दोन प्रकारची असते हे इतके दिवस वेगळं करून बघितलंच नव्हतं. ‘दोन आणि’ला वाजलेली कॉर्ड तिसऱ्या मात्रेवरून गुंजत राहू शकते, किंवा तिसऱ्या मात्रेच्या आत तोडून खरी शांतता ठेवता येते. उजव्या हाताचं काम दोन्हीत सारखंच. फरक डाव्या हाताने किंवा तळहाताने होतो, आणि गाण्याचा स्वभाव पूर्ण बदलतो. गुंजत ठेवली तर चाल वाहती राहते, तोडली तर टोकदार होते.

बार कॉर्डवर (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबलेल्या) तोडणं सोपं: बोटं न उचलता दाब सोडायचा. मोकळ्या कॉर्डवर ते चालत नाही, कारण मोकळ्या तारा वाजतच राहतात. करंगळी आडवी टेकवून बघितली, सी वाजवताना बाकीची बोटं त्याने सरकतात. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवून बघितली, त्याने हात थांबतो आणि पुढचा अप उशिरा येतो. शेवटी हे बसलं: तिसऱ्या मात्रेचा रिकामा डाउन तारांवरून दूर न नेता तळहाताच्या कडेसकट तारांवर आणायचा, आवाज ‘चक’, आणि तिथूनच वर. म्हणजे जी हालचाल तशीही होणार होती तिनेच तारा थांबतात.

११ जुलै

आता ज्यासाठी हे सगळं सुरू केलं ते: कॉर्ड समेच्या आधी बदलणं. नवीन कॉर्ड पुढच्या आवर्तनाच्या ‘एक’वर न येता आधीच्या ‘चार आणि’वर येते आणि ‘एक’वरून गुंजत जाते.

पहिलं आवर्तन: डा – डा अ – अ – अ
पुढची सगळी: – – डा अ – अ – अ

शेवटचा ‘अ’ नव्या कॉर्डचा. आतापर्यंत डावा हात ‘चार आणि’च्या मोकळ्या अपमध्ये कॉर्ड बदलायचा, कुणाच्या लक्षात येत नाही. आता तीच जागा जोराची झाली, म्हणजे बदलायचा वेळ गेला.

ए मायनर ते सी निवडलं. यात तर्जनी आणि मधलं बोट जागच्या जागी राहतात. अनामिका तेवढी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. डाव्या हाताचं काम याहून कमी होऊ शकत नाही.

१३ जुलै

बदल वेळेवर होतोय, तरी रेकॉर्डिंगमध्ये तो उशिरा ऐकू येतो. बरंच डोकं खाजवल्यावर कारण मिळालं. अपमध्ये माझ्या पहिल्या दोनच तारा लागत होत्या. ए मायनर आणि सी या दोन्हींत पहिली तार मोकळी ई आणि दुसरी तार सी, म्हणजे त्या दोन तारांवर दोन्ही कॉर्ड हुबेहूब सारख्या. बदल कळतो तो तिसऱ्या तारेवर: ए मायनरमध्ये तिथे ए, सीमध्ये मोकळा जी. तिसरी तार वाजलीच नाही तर कानाला नवी कॉर्ड पुढच्या डाउनलाच कळणार.

‘चार आणि’चा अप चौथ्या तारेपर्यंत खोल घेतला आणि बदल जागच्या जागी ऐकू आला. काही जण या ठिकाणी अपऐवजी डाउन मारतात, भरीव आवाजासाठी. करून बघितलं, हाताची दिशा उलटते आणि पुढचं आवर्तन सावरायला लागतं. मी अपच ठेवला आहे.

१६ जुलै

जी ते सी. इथे सगळी बोटं हलतात. ‘चार आणि’ला बोटं हवेत असायची.

मोजून बघितलं: ‘तीन आणि’चा आवाज आणि ‘चार आणि’चा आवाज यांत पूर्ण एक मात्रा आहे, ८० वर ०.७५ सेकंद. मी ‘तीन आणि’ची जी शेवटपर्यंत गुंजू देत होते. ती निम्म्यावर सोडली, म्हणजे रिकाम्या ‘चार’ला बोटं उचलली, तर बदलायला ०.३७५ सेकंद मिळतात. पुरेसे आहेत. मोजणीत ‘चार’च्या जागी ‘बदल’ म्हणायला लागले: ‘एक आणि दोन आणि तीन आणि बदल आणि’. डाव्या हाताला स्वतःचा इशारा मिळाला. उजवा हात त्याच क्षणी रिकामा खाली जात असतो, दोन्ही हात एकत्र हलतात, आणि त्यामुळे उलट सोपं वाटतं.

२० जुलै

‘एक’ हरवतोय. सलग आवर्तनांत ‘एक’वर काहीच वाजत नाही, आणि ‘चार आणि’ला जोर आहे, म्हणून काही वेळाने तोच ‘एक’ वाटतो. मग आख्खं गाणं अर्ध्या मात्रेने सरकतं. एकट्याने वाजवताना हे लक्षातही येत नाही, कारण आपण आपल्याशी सुसंगतच असतो. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवल्यावर लगेच उघडं पडलं: ठोके अचानक अपवर पडायला लागले.

उपाय दोन. रिकामा ‘एक’ मोठ्याने म्हणायचा, बाकीचे आकडे मनात. आणि दर चौथ्या आवर्तनात ‘एक’ खरोखर वाजवायचा, भरघोस डाउन. दुसरा उपाय सरावापुरता होता, पण तो ऐकायलाच इतका छान लागतो की मी तो कायम ठेवणार आहे. तीन वेळा ओढून धरलेली सम चौथ्या वेळी मिळाली की पोचल्याचं समाधान मोठं असतं. सगळंच सिंकोपेटेड असेल तर थोड्या वेळात ते सपाट होतं.

२६ जुलै

गाणं म्हणत वाजवणं. पहिल्याच ओळीत हात साध्या डाउन-अपवर परत गेला. शब्दांचा आघात मात्रेवर, हाताचा ऑफबीटवर, आणि गळा हाताला ओढून घेतो.

थेट शब्दांवर न जाता टप्पे केले. वाजवत नुसते आकडे म्हणणं आधीच जमत होतं. मग एकाच सुरावर ‘आ’, आवर्तनभर लांब. मग चाल, पण शब्दांऐवजी ‘ना ना ना’. मग शब्द, पण सुराशिवाय, बोलल्यासारखे. शेवटी सगळं. अडलं ते ‘ना ना ना’पाशी, शब्दांपाशी नाही. म्हणजे अडचण चालीच्या लयीची होती. ज्या ओळीत अडतं तेवढीच ओळ घेऊन, तिची अक्षरं आठ जागांच्या खाली लिहून काढली. कुठलं अक्षर रिकाम्या मात्रेवर पडतं ते दिसलं की ते हाताच्या मोजणीचा ठोका बनतं. रिकाम्या तिसऱ्या मात्रेवर अक्षर असेल तर फार मदत होते.

३ ऑगस्ट

सोळा जागांचे पॅटर्न, म्हणजे मात्रेचे चार भाग. धास्ती होती, पण हाताचा वेग बघितला तर १२० वर आठ जागांचं आवर्तन आणि ६० वर सोळा जागांचं अर्धं आवर्तन यांत हात अगदी एकसारखाच चालतो. बदलतो तो पाय: निम्म्या वेळा टेकतो. म्हणून नवीन काही न शिकता, ओळखीचा पॅटर्न १२० वर लावून पाय निम्मा केला. हात बिथरला नाही.

त्याच ओघात क्लावे हा क्यूबाचाच ठेका, दोन आवर्तनांचा:

डा – – अ – – डा – | – – डा – डा – – –

पहिला भाग म्हणजे २ जुलैचं ‘तकिट तकिट तक’च. पाच आवाज, त्यांत अप एकच. कागदावर दिसतो त्यापेक्षा हाताला सोपा आहे. अमेरिकन गिटारवादक बो डिडलीच्या १९५५ पासूनच्या रेकॉर्डिंगांमुळे याच घडणीचा ठेका रॉक अँड रोलमध्ये घरोघरी पोचला. रिकाम्या जागा झाकलेल्या तारांच्या ‘चक’ने भरल्या की तो लगेच नाचरा होतो.

१९६५ पासून फंक गायक जेम्स ब्राउनबरोबर वाजवणारा गिटारवादक जिमी नोलन याच तंत्रावर उभा होता: उजवा हात अखंड सोळा जागी, डावा हात बहुतेक वेळ तारा झाकून, आणि दाब फक्त हव्या त्या क्षणी. हे ऐकून ६ जूनच्या कंटाळवाण्या ‘चक चक’ची किंमत कळली. मला मात्र हा वेग अजून झेपत नाही. ८४ च्या पुढे दंड आखडतो. आखडला की थांबते. ताणून वाजवलेलं दुसऱ्या दिवशी मनगटाला जाणवतं.

९ ऑगस्ट

पहिल्यांदा दुसऱ्याबरोबर. मैत्रीण कहोनवर (वर बसून हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) बसली. तिनेही हौसेने ऑफबीट वाजवले आणि दोघींचं मिळून काही आवर्तनांत चिखल झाला, कारण मात्रा धरणारं कुणीच नव्हतं. तिला पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर खर्ज आणि दुसऱ्या-चौथ्यावर कडक थाप, एवढंच सरळ वाजवायला सांगितलं. माझा तोच पॅटर्न एकदम उठून दिसला. ज्यांना साथ मिळणार नाही त्यांनी स्वतःचा साधा डाउन-डाउन रेकॉर्ड करून त्यावर वाजवावं. मेट्रोनोमपेक्षा ते जास्त शिकवतं.

बरोबर वाजवताना कळलेली दुसरी गोष्ट: माझा ‘चार आणि’ अजून जरासा लवकर येतो. तिची चौथी थाप पूर्ण व्हायच्या आत माझी कॉर्ड. जूनमधल्या ब्लूटूथची सवय अजून गेलेली नाही, असं मला वाटतं.

१६ ऑगस्ट

‘चार आणि’साठी थापेकडे कान लावते: थापेचा आवाज विरायला लागला की मग अप. मोजणीपेक्षा हे भरवशाचं निघालं. जी ते सी, डी ते जी, ई मायनर ते सी ९६ वर बसले. ई मायनर ते सी करताना मधल्या दोन बोटांपैकी चौथ्या तारेवरचं बोट जागीच राहील अशी कॉर्ड धरा, निम्मं काम वाचतं.

सी ते एफ बार अजून उशिरा पोचते, ८० च्या वर तर नक्कीच. सध्या एफचा पूर्ण बार न धरता पहिल्या चार तारांचाच आकार धरते. ‘चार आणि’चा अप तसाही चौथ्या तारेच्या पुढे जात नाही, म्हणून त्या क्षणाला एवढा आकार पुरतो, आणि जाड तारांवरचा बार पुढच्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेच्या डाउनपर्यंत टेकवायला वेळ मिळतो. उद्यापासून हाच क्रम ७२ वरून, वायरच्या हेडफोनवर.